रेड रिव्हरचे १८५८ मधले फोटो: मराठी मथळे द्यायला मदत हवी आहे

पाणवठा

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कोणीतरी स्लाइड दाखवून तासभर बोलतं. या वेळी माझी पाळी आहे. विषय घेतला आहे कॅनडातल्या रेड रिव्हर वसाहतीचे सगळ्यात जुने फोटो. बोलायचं काय ते ठरलंय, स्लाइडही झाल्यात. अडलंय ते फोटोंखालच्या ओळींवर. तीन रात्री झाल्या, तेच खोडतेय आणि तेच लिहितेय.

थोडी पार्श्वभूमी देते. आज जिथे विनिपेग शहर आहे तिथे असिनिबॉइन नदी रेड नदीला मिळते. रेड नदी उत्तरेकडे वाहत जाऊन विनिपेग सरोवराला मिळते. १८११ मध्ये फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने लॉर्ड सेलकर्क या स्कॉटिश उमरावाला इथला प्रचंड मुलूख दिला आणि १८१२ पासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कुटुंबं इथे येऊ लागली. त्यांच्या जमिनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी काढून घेतल्या होत्या. क्री, ओजिब्वे आणि असिनिबॉइन लोक तिथे आधीपासून होते. फरच्या व्यापारात आलेले फ्रेंच आणि स्कॉटिश पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारांतून उभा राहिलेला मेटी समाजही होता. पहिल्या हिवाळ्यांत वसाहतवाले तगले ते या लोकांच्या शिकारीवर.

१८५८ मध्ये टोरांटोहून एक सरकारी मोहीम निघाली. प्रमुख हेन्री यूल हाइंड, ट्रिनिटी कॉलेजातले रसायन आणि भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. सोबत फोटोग्राफर म्हणून हम्फ्री लॉइड हाइम, वय पंचवीस, मूळचा आयर्लंडचा. मोहिमेला पगारी फोटोग्राफर नेण्याचं हे कॅनडातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण. कॅनडाला कंपनीचा मुलूख हवा होता. तिथे शेती होईल का, रस्ता जाईल का, हे दाखवायला पुरावा हवा होता. फोटो त्यासाठी.

त्यातल्या ३० चित्रांचा संच १८६० मध्ये लंडनला हॉगार्थने प्रसिद्ध केला. चर्च, किल्ला, मालाच्या होड्या, नदीकाठचे भूर्जसालीचे तंबू, चिरलेल्या काठक्यांनी झाकलेल्या कबरी आणि शेवटी माणसं.

माझा प्रश्न माणसांच्या फोटोंचा आहे. चर्चला नाव आहे: सेंट अँड्र्यूज, सेंट बोनिफेस. किल्ल्याला नाव आहे: अप्पर फोर्ट गॅरी. माणसांपाशी येताच नावं झिजत जातात. एकाचं पूर्ण नाव, जॉन मॅके. एक लेटिशिया बर्ड. मग नुसती ‘सुझन’. आणि बाळ घेतलेल्या बाईला नावच नाही. प्रत्येकाखाली जात सांगितल्यासारखं ‘हाफ-ब्रीड’ किंवा ‘स्क्वॉ’ लिहिलंय.

‘हाफ-ब्रीड’चं मराठी काय करू? शब्दकोशात ‘संकरित’ मिळालं. ते लिहिलं आणि लगेच पुसलं.

---

शब्दवेल

बरं झालं पुसलंत. ‘संकरित’ आपल्याकडे कापसाच्या बियाण्याला आणि जर्सी गाईला लावतात. माझे वडील आयुष्यभर संकरित ज्वारी पेरत आले. तो शब्द कानावर पडला की मला बियाण्याची पिशवी दिसते, समोरची बाई दिसत नाही. आणि ‘संकर’ म्हटलं की मागे वर्णसंकर उभा राहतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ज्या गोष्टीला घाबरतो, तीच भीती आपण सुझनच्या कपाळी लिहायची का?

‘मिश्रवंशीय’ सभ्य आहे, पण कचेरीतल्या फॉर्मसारखा वाटतो.

पाणवठाताई, माझ्या मते भाषांतर करूच नका. हे दोन वेगळे मजकूर आहेत. एक हाइमने दिलेला, तो अवतरणात जसाच्या तसा. दुसरा तुमचा. तुमच्या मजकुरात लोक स्वतःला जे म्हणवतात ते लिहा.

---

विनिपेगकर

मी इथे अकरा वर्षं आहे. शब्दवेल यांना अनुमोदन.

उच्चार ‘मेटी’ असा करा. फ्रेंच बोलणारे थोडं वेगळं म्हणतात, पण इथे रोज कानावर पडतं ते मेटी. शब्दाचा मूळ अर्थ ‘मिश्र’ असाच आहे. पण आता तो एका राष्ट्राचं नाव आहे, कॅनडाच्या १९८२ च्या संविधानात आदिवासी समाज म्हणून नोंदलेलं. त्यांची स्वतःची मिचिफ भाषा आहे, त्यात क्रियापदं बहुतेक क्रीची आणि नामं बहुतेक फ्रेंच. एकच सावधगिरी: त्या काळी इंग्रजी बोलणाऱ्या, प्रॉटेस्टंट घरांतल्या सगळ्यांनीच स्वतःला मेटी म्हणवलं असेल असं नाही. म्हणून ‘क्री आणि युरोपीय वंशाची, आज मेटी म्हणू अशा समाजातली’ असं लांब लिहावं लागलं तरी चालेल. स्लाइडवर जागा आहे ना?

आणि ‘स्क्वॉ’ मराठीत आणूच नका, अवतरणातसुद्धा मोठ्याने वाचू नका. न्यू इंग्लंडकडच्या अल्गोंक्वियन भाषांत तो ‘स्त्री’साठीचा साधा शब्द होता, गोऱ्यांच्या तोंडी गेला आणि शिवी झाला. त्याच मथळ्यातला बाळासाठीचा ‘पपूस’ही तिकडचाच. ओजिब्वे भाषेत बाईला ‘इक्वे’ म्हणतात. म्हणजे मथळा देणाऱ्याने समोरच्या बाईच्या भाषेतला शब्दसुद्धा वापरला नव्हता.

---

काचपट्टी

मथळ्यांबद्दल शब्दवेल बोलल्या. मी फोटोंबद्दल बोलतो, कारण फोटोही मथळ्याइतकाच फसवतो.

मी गेली काही वर्षं ओल्या कलोडियनवर काम करतो, हाइमची पद्धत तीच. काचेची पट्टी घासून लख्ख करायची. तळहातावर तोलून धरून मधोमध कलोडियन ओतायचं, मधासारखं दाट. पट्टी कलंडवत ते चारही कोपऱ्यांना न्यायचं आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेलं बाटलीत परत. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पात्रात तीन-चार मिनिटं. बाहेर काढली की काच साईसारखी दुधी दिसते. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो काढायचा आणि ओली असतानाच धुवायची. सुकली की गेली. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. नंतर मंद आचेवर काच गरम करून वॉर्निश. बोटं आठवडाभर काळी राहतात, साबणाने जात नाहीत.

आता हे सगळं घोडागाडीवर घेऊन गवताळ मैदानात जा. तंबूतच अंधारखोली, वारा, धूळ, डास आणि धुवायला गढूळ किंवा खारट पाणी. प्रवासातल्या काचा बहुतेक वाया गेल्या. हाती लागले ते फोटो मुख्यतः शरद ऋतूत, वसाहतीत स्थिरावल्यावरचे.

महत्त्वाचं पुढे आहे. कलोडियनला निळा प्रकाश दिसतो, लाल आणि पिवळा जवळजवळ दिसत नाही. म्हणून या फोटोंत आकाश कोरं पांढरं आहे, ढग होते तरी. निळे डोळे पाण्यासारखे फिके येतात. आणि तांबूस, गव्हाळ कातडी प्रत्यक्षापेक्षा बरीच काळी येते, लाल कमरपट्टा तर काळाच. मी माझ्या बायकोचा फोटो काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हिला उन्हात उभी केली होतीस का दिवसभर? लंडनमध्ये बसून हे फोटो बघणारा माणूस त्यावरून ‘वंशाचा रंग’ ठरवत होता. तो रंग रसायनाने ठरवलेला होता. पाणवठाताई, ही एक ओळ तुमच्या भाषणात हवीच.

---

पाणवठा

काचपट्टी, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मी तर ‘गडद वर्णाची तरुणी’ असं लिहून बसले होते. काढून टाकते.

नदीचं पाणीही सगळ्या फोटोंत गुळगुळीत काचेसारखं आहे. तेही त्यामुळेच?

---

काचपट्टी

ते वेळेमुळे. काही सेकंद झाकण उघडं राहिलं की लाटा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पांढरी चादर होतं. माणसालाही तेवढा वेळ दगडासारखं उभं राहावं लागतं. चेहऱ्यावरचा ताठरपणा ‘स्वभाव’ म्हणून वाचू नका. लेटिशिया बर्डची खाली गेलेली नजर बघून लोक तिला लाजाळू, उदास, सोशिक काय काय म्हणतात. उजेड समोरून असेल तर डोळे उघडे ठेवून स्थिर राहणं भलतं अवघड असतं, एवढं मी अनुभवाने सांगतो.

---

रानवाट

एका फोटोचा उल्लेख अजून कोणी केला नाही. ‘द प्रेअरी लुकिंग वेस्ट’. फोटोच्या मधून आडवी क्षितिजरेषा, वर कोरं आकाश, खाली सपाट जमीन आणि पुढ्यात माणसाची कवटी आणि हाड.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सुन्न झाले. नंतर कळलं की हाइमच्या जूनमधल्या रोजनिशीत, लांडग्यांनी उकरलेल्या एका कबरीजवळ कवटी मिळाल्याची आणि ती ठेवून घेतल्याची नोंद आहे. फोटो कित्येक आठवड्यांनंतरचा. म्हणजे ती कवटी तिथे मांडलेली असण्याची शक्यता दाट आहे.

विचार करा. ज्या मोहिमेला ‘इथे शेती करायला जमीन मोकळी आहे’ असं सांगायचंय, तिच्या संचात हा फोटो. अथांग रिकामी जमीन आणि तिथला माणूस फक्त हाडांपुरता उरलेला. पण त्याच संचात, त्याच नदीच्या काठी तंबू आहेत, चुली आहेत, माणसं आहेत! दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कवटीचा फोटो खोटा पडतो.

पाणवठाताई, तुम्ही तो दाखवणार आहात का? माझी विनंती, दाखवू नका. ती कोणाची तरी आजी किंवा आजोबा आहेत. तिचं दफन झालं होतं.

---

शब्दवेल

रानवाट, भावना पोचली, पण मी असहमत आहे. तो फोटो वगळला तर फोटोग्राफरने काय केलं हेच झाकलं जाईल. उरेल फक्त चर्च आणि होड्यांचं सुंदर चित्रदालन. दाखवावा, आणि जे तुम्ही आत्ता लिहिलंत तेच सांगावं.

---

रानवाट

सांगता येतं की. दाखवायलाच हवं असं का? मी भंडाऱ्याकडे गोंड गावांत काम केलंय. तिथे वाडवडिलांच्या दफनाच्या जागेतून जाताना लोक आवाज खाली घेतात. त्यांच्यासमोर मी ही स्लाइड लावली नसती. मग वाचनालयात का लावू?

---

विनिपेगकर

दोघींचं वाचून मी काल संध्याकाळी नदीवर गेलो होतो. इथले लोक संगमाला ‘फोर्क्स’ म्हणतात. पाणी खरंच चहाच्या रंगाचं असतं. पलीकडे सेंट बोनिफेस. हाइमच्या फोटोतलं दोन मनोऱ्यांचं चर्च १८६० मध्ये जळालं. नंतर बांधलेलं भव्य कॅथेड्रल १९६८ मध्ये जळालं, त्याची दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. त्याच आवारात मेटींचा नेता लुई रिएल याची कबर आहे. फोर्ट गॅरीचं एक दगडी दार शिल्लक आहे. सेंट अँड्र्यूजचं दगडी चर्च मात्र हाइमने पाहिलं तसंच आहे आणि तिथे आजही प्रार्थना होते.

फोटोत न दिसणारी एक गोष्ट मात्र शहरात दिसते. मेटी आणि वसाहतवाल्यांची शेतं नदीपासून आत दूरवर जाणाऱ्या अरुंद पट्ट्या होत्या, कारण प्रत्येकाला पाणी हवं होतं. विनिपेगचे कित्येक रस्ते सरळ उत्तर-दक्षिण न जाता नदीच्या वळणाप्रमाणे तिरके का जातात, हे मला पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. ते रस्ते म्हणजे त्या पट्ट्यांचे बांध आहेत.

याच पट्ट्यांवरून पुढचं सगळं झालं. १८६९ मध्ये कंपनीने मुलूख तीन लाख पौंडांना सोडला. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. ऑक्टोबरमध्ये कॅनडाचे मोजणीदार साखळी घेऊन चौकोनी मोजणी करत आले आणि रिएलच्या सोबत्यांनी त्यांना अडवलं. त्यातून मॅनिटोबा प्रांत स्थापन करणारा १८७० चा मॅनिटोबा कायदा आला. मेटी मुलांसाठी १४ लाख एकर जमीन कायद्यात लिहून मिळाली. वाटप रखडलं, कागद सटोडियांच्या हातात गेले, माणसं पश्चिमेकडे निघून गेली. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारने ते वचन नीट पाळलं नाही. हाइमच्या कॅमेऱ्यानंतर १५५ वर्षांनी.

तंबूतल्या ओजिब्वे लोकांचंही तेच. त्यांच्या पेग्विस या प्रमुखाने १८१७ मध्ये सेलकर्कशी करार केला होता, नदीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मैल, बदल्यात दरवर्षी शंभर पौंड तंबाखू. दोन मैल कसे समजावले? घोड्याच्या पोटाखालून बघितलं की सपाट मैदानात जिथवर दिसतं तिथवर. त्याच्या लोकांची सेंट पीटर्सची राखीव जमीन १९०७ मध्ये लबाडीने काढून घेतली आणि त्यांना उत्तरेला धाडलं. आज पेग्विस फर्स्ट नेशन (क्री, ओजिब्वे अशा समाजांना इथे फर्स्ट नेशन म्हणतात) तिकडे आहे, पुराच्या पट्ट्यात.

पाणवठाताई, फोटोखाली १८५८ लिहाल तेव्हा त्या माणसांच्या पुढ्यात हे सगळं अजून घडायचं होतं, एवढं लक्षात असू द्या.

---

अण्णा_७२

धागा सुरुवातीपासून वाचतोय. एक जोडतो.

हाइंड ज्यात होता त्या आदल्या वर्षीच्या, म्हणजे १८५७ च्या मोहिमेला लेक ऑफ द वूड्सजवळ ओजिब्वे प्रमुखांनी अडवलं होतं. हाइंडने स्वतःच ती बैठक लिहून ठेवली आहे. प्रमुखांचं म्हणणं असं: तुम्ही या वाटेने का जाता ते खरं सांगत नाही. आणि आम्ही ऐकलंय की तुम्ही फुलं गोळा करता. त्याचा अर्थ काय?

वनस्पतीचे नमुने गोळा करणाऱ्या शास्त्रज्ञाला विचारलेला हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. आज फूल नेताय, उद्या वाटेचा नकाशा, परवा चेहरा, मग जमीन. कॅमेरा यायच्या आधीच त्यांना ही साखळी कळली होती. फोटोला घाबरणारे ‘भोळे’ आदिवासी ही कल्पना त्यामुळे मला पटत नाही.

आपल्याकडचंही सांगतो, कारण काळ तोच आणि काचही तीच. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. माणसांचे फोटो एकीकडे काढून कापायचे आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवायचे. मथळा जातीचा. पण फरकही होता. त्याच सोसायटीत डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी फोटो काढत होते. कॅमेऱ्याच्या मागेही आपला माणूस होता. रेड रिव्हरला १८५८ मध्ये ते नव्हतं. तिथे हे घडायला फार वेळ लागला. विनिपेगच्याच रोझली फेव्हेल या मेटी कलावतीने २००८ पासून आदिवासी कलावंतांची व्यक्तिचित्रं काढायला घेतली. समोर सरळ उभी माणसं आणि प्रत्येकाला नाव.

---

विनिपेगकर

अण्णा, नावांवरून आठवलं. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘प्रोजेक्ट नेमिंग’ चालतं. आधी अगदी उत्तरेकडच्या इन्युइट लोकांच्या निनावी फोटोंसाठी सुरू झालं. तरुण मुलं जुने फोटो घेऊन गावातल्या म्हाताऱ्यांकडे जायची आणि म्हातारे बोट ठेवून सांगायचे, ही माझी मावशी. नंतर ते फर्स्ट नेशन्स आणि मेटी फोटोंसाठीही वाढवलं. १८५८ च्या चेहऱ्यांना ओळखणारे डोळे आता उरले नाहीत. पण कुटुंबांच्या वंशावळी आहेत, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत.

---

शब्दवेल

सुझनच्या मथळ्यात ‘स्वॅम्पी क्री’ आहे ना? त्याचं ‘दलदली क्री’ करू नका. दलदल म्हटलं की आपल्याकडे फसणं आलं. ते लोक स्वतःला मस्केगच्या, म्हणजे पाणथळ रानाच्या मुलखातले म्हणवतात. ‘पाणथळीतले क्री’ कसं वाटतं?

---

पाणवठा

छान वाटतं. घेतलं.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून स्लाइड नव्याने केल्या. हाइमचे मथळे एका वेगळ्या स्लाइडवर, अवतरणात, एकदाच, ते कोणी आणि कशासाठी लिहिले ते सांगून. ‘स्क्वॉ’ वाचणार नाही. फोटोंखाली आता असं आहे:

*जॉन मॅके. क्री आणि युरोपीय कुटुंबातला. रेड रिव्हर, १८५८.*

*लेटिशिया बर्ड. क्री आणि युरोपीय कुटुंबातली. कातडीचा आणि कपड्यांचा रंग काचेवरच्या रसायनामुळे गडद आला आहे.*

*सुझन. पाणथळीतल्या क्री आणि युरोपीय कुटुंबातली. आडनाव फोटोग्राफरने लिहिलं नाही.*

*ओजिब्वे स्त्री आणि तिचं बाळ. दोघांचीही नावं फोटोग्राफरने लिहिली नाहीत.*

‘लिहिलं नाही’ असंच ठेवलंय. आधी ‘अज्ञात’ लिहिलं होतं, पण तिचं नाव तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. विचारणं हाइमच्या हातात होतं.

कवटीच्या फोटोचं. शब्दवेल, रानवाट, दोघींचं पटतं आणि म्हणून दोन दिवस झोप नाही. शेवटी असं ठरवलं: त्या जागी कोरी पांढरी स्लाइड, मधून एक आडवी रेघ. क्षितिज. तिथे थांबून मी फोटोत काय आहे ते शब्दांत सांगणार. पुढची स्लाइड लगेच नदीकाठच्या तंबूंची.

---

रानवाट

धन्यवाद, ताई. मनापासून.

---

शब्दवेल

मी अजूनही दाखवला असता. पण तुमची रेघ मला मान्य आहे. तंबूंच्या स्लाइडवर घाई करू नका, तिथे थोडं थांबा.

---

पाणवठा

थांबेन.

काचपट्टी, एक मागणं आहे. तुमची एखादी धुतलेली, वॉर्निश केलेली काच रविवारी आणता का? लोकांच्या हातात द्यायची आहे. उजेडात धरली की चेहरा उलटा, काळ्याचा पांढरा दिसतो ना, ते बघू दे. वाचनालयात दिवे मालवता येतात आणि पश्चिमेची खिडकी आहे, साडेपाचला ऊन थेट टेबलावर येतं.

---

काचपट्टी

आणतो. सासूबाईंना न आवडलेलीच आणतो, बायकोने परवानगी दिली आहे. पण काच काठाला धरायची, मध्ये बोट नको.